हाक ऐकू येईल ना?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिले दोन महिने मी रात्री गजर लावून दर तासाला उठत होते. उठायचं, ह्यांच्या खोलीत जायचं, पांघरूण सरकलं आहे का, तहान लागली आहे का, कूस बदलायची आहे का ते बघायचं आणि परत येऊन आडवं व्हायचं. दहातल्या नऊ वेळा ते शांत झोपलेले असत आणि माझ्या पावलांच्या आवाजानंच जागे होत. म्हणजे ना त्यांची झोप, ना माझी.

तेव्हा पुण्याहून भाचा दोन दिवस राहायला आला. तो एका कंपनीत लिनक्सच्या कर्नलमधले ड्रायव्हर लिहितो. (इतकी वर्षं मी लोकांना 'तो कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगत आले!) पहिल्या रात्री त्यानं माझा गजर तीन वेळा ऐकला आणि सकाळी चहा पिताना म्हणाला, "मावशी, तू पोलिंग करतेयस. तुला इंटरप्ट पाहिजे."

मला वाटलं निवडणुकीचं काहीतरी बोलतोय. मग त्यानं समजावून सांगितलं. समोरच्याला काही हवंय का हे आपणच वारंवार जाऊन विचारणं म्हणजे पोलिंग. आपण आपलं काम करत राहायचं आणि त्याला काही हवं असेल तेव्हा त्यानंच हाक मारायची, म्हणजे इंटरप्ट. "एवढंच?" मी म्हटलं. तर म्हणाला, "एवढंच. पण ह्या एवढ्याशा गोष्टीवर माझं पोट चालतं आणि माझ्या झोपेचं खोबरंही होतं."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. कुठलीही गोष्ट मला कळते ती 'आधी कोणी केलं, कधी केलं, का केलं' ह्याच क्रमानं. भाचा गेल्यावर त्यानं सांगितलेल्या नावांचा माग काढत बसले. रात्री जागरण होतंच, वाचायला वेळही होता. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतेय. जाणकारांनी गोड मानून घ्यावं.

सूचनावही

आधी इंटरप्ट म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगते. वर्गात तुम्ही पानिपत शिकवताय. दत्ताजी पडलेत, पोरं श्वास रोखून ऐकताहेत आणि दारात शिपाई सूचनावही घेऊन उभा. आपण काय करतो? पुस्तकात जिथं होतो त्या ओळीवर बोट ठेवतो, सूचना वाचून दाखवतो, सही करतो आणि बोट होतं तिथून पुन्हा सुरू. बोट ठेवायला विसरलं तर? 'कुठं होतो रे आपण?' असं पोरांनाच विचारावं लागतं. संगणकाला विचारायला पोरं नसतात.

प्रोसेसर एकामागून एक आज्ञा पाळत असतो. मध्येच कीबोर्ड, नेटवर्कचं कार्ड किंवा डिस्क हाक मारते. प्रोसेसर हातातलं काम जिथं असेल तिथं थांबवतो, आपण कुठं होतो, कुठल्या खणात कुठला आकडा होता हे जपून ठेवतो, हाकेला ओ देतो आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात परत कामाला लागतो. काहीच झालं नाही असा *थाट* पुरत नाही, खरोखरच काही झालेलं नसावं लागतं. सगळी मेख तिथं आहे.

हाक मारायची कल्पना

अगदी सुरुवातीच्या संगणकांना ही सोय नव्हती. टाइपरायटरचं एक अक्षर उमटेपर्यंत लाखमोलाचं यंत्र नुसतं थांबून राहायचं, किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं मध्ये मध्ये 'झालं का?' असं विचारायची आज्ञा पेरून ठेवायची. १९५४ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं तिथल्या लष्करासाठी डायसॅक नावाचं यंत्र बांधलं. ते ट्रेलरमध्ये बसवलेलं होतं, म्हणजे फिरता संगणकच. बाहेरच्या उपकरणानं संकेत दिला की चालू काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळण्याची सोय त्यात होती. उपकरणाच्या हाकेला ओ देणारं हे पहिलं यंत्र मानलं जातं. त्याच सुमारास युनिव्हॅक ११०३ ह्या संगणकालाही ही सोय जोडली गेली. कारण मोठं व्यवहारी होतं. विमानांच्या चाचणीसाठी जो वाऱ्याचा बोगदा असतो, त्यातून मोजमापं कधी येतील ह्याचा नेम नसायचा. ती येईपर्यंत एवढं महागडं यंत्र रिकामं बसवायचं का? तर नाही. दुसरं काम करत राहायचं आणि मोजमापं आली की तिकडं धावायचं.

म्हणजे सुरुवात काटकसरीतून झाली. धास्ती मागाहून आली, आणि ती धास्ती ज्याला वाटली त्याच्याविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

घाबरलेला माणूस

एड्सगर डायक्स्ट्रा हे हॉलंडचे. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून लागले. हा पेशा तेव्हा इतका नवा होता की १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' सांगितला, तर नगरपालिकेनं तो मान्यच केला नाही. असा काही धंदा नसतो म्हणे! शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लिहावं लागलं. हा किस्सा त्यांनी स्वतःच १९७२ साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलाय.

त्यांचे दोन सहकारी, ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन, यंत्रं बांधायचे. डायक्स्ट्रा त्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायचे. १९५७च्या सुमारास एक्स-१ नावाच्या नव्या यंत्राचा आराखडा चालू असताना ह्या दोघांनी सुचवलं की ह्यात इंटरप्ट ठेवूया. डायक्स्ट्रांच्या पोटात गोळा आला. पुढं आठवणी लिहिताना त्यांनी हे मोकळेपणानं कबूल केलंय.

घाबरण्यासारखं काय होतं? आतापर्यंत यंत्र म्हणजे आज्ञाधारक विद्यार्थी. तोच प्रोग्रॅम, तेच आकडे दिले की उत्तर तेच. चुकलं तर पुन्हा चालवा, पुन्हा तिथंच चुकेल, मग चूक शोधता येईल. पण आता हाक कुठल्याही दोन आज्ञांच्या मध्ये येणार. आज एका ठिकाणी, उद्या दुसऱ्या. हजार वेळा सगळं नीट चालेल आणि एका रात्री नेमक्या नको त्या क्षणी हाक येऊन घोटाळा होईल. तुम्ही शोधायला जाल तेव्हा तो क्षण परत येणार नाही. लोक म्हणतील यंत्र चांगलं आहे, प्रोग्रॅम लिहिणाराच गाढव!

बरेच दिवस त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी दोघा मित्रांनी 'तुझ्यासारख्या माणसाला काय अवघड आहे' असं म्हणत त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते अभ्यासाला बसले. पहिला प्रश्न त्यांनी असा घेतला: हाक कधीही आली, तरी थांबवलेलं काम जिथल्या तिथं जपून ठेवता येतं आणि परत जसंच्या तसं सुरू करता येतं, हे सिद्ध करता येईल का?

गंमत अशी, की त्यांनी सिद्ध केलं ते उलटंच. मित्रांच्या मूळ आराखड्यात ते जमणार नाही! मित्रांना आराखडा बदलावा लागला. ज्या परिस्थितीत तो आराखडा फसला असता ती अगदीच विरळा होती. नुसतं चालवून बघितलं असतं तर बहुधा ती कधी समोर आलीच नसती. ह्यातून डायक्स्ट्रांनी जन्मभराचा धडा घेतला. अशा ठिकाणी प्रयोगावर विसंबायचं नाही, तर्कावर विसंबायचं. 'मी दहा वेळा करून पाहिलं' हे उत्तर नव्हे. 'कुठल्याही क्षणी हाक आली तरी हे चुकणार नाही, कारण...' असं म्हणता आलं पाहिजे.

एक्स-१ १९५८ मध्ये गिऱ्हाइकांकडे जाऊ लागला. त्याच्या हाकांना ओ देणारा प्रोग्रॅम हाच डायक्स्ट्रांच्या पीएच.डी.चा विषय झाला, साल १९५९. पुढं १९६०च्या दशकात एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून त्यांनी 'सेमाफोर' नावाची युक्ती काढली. नाव रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलवरून. आजही कर्नलमध्ये हा शब्द आहे, असं भाचा म्हणाला.

हे वाचत होते तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. गजर झाला, मी उठून ह्यांच्याकडे जाऊन आले. परत आल्यावर वाटलं, मला बेल नको वाटते ती ह्याच भीतीनं की. दहा वेळा वाजेल, आणि अकराव्यांदा...?

चंद्राच्या दारात

दुसरी गोष्ट तुम्हाला अर्धी ठाऊक असेल. २० जुलै १९६९. अपोलो ११चं यान चंद्रावर उतरत होतं. शेवटच्या काही मिनिटांत यानाच्या संगणकानं '१२०२' असा धोक्याचा आकडा दाखवला. मग पुन्हा १२०२, एकदा १२०१. अर्थ असा की माझ्याकडे कामं जास्त झाली, ठेवायला जागा नाही.

कारण काय निघालं? उतरताना ज्याची गरज नव्हती असा एक रडार चालू स्थितीत होता. उतरणं रद्द करून परत वर जावं लागलं तर वरचं यान शोधायला तो लागणार, म्हणून तयारीत ठेवलेला. त्याच्या आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याची लय जुळत नव्हती, त्यामुळे अँटेना स्थिर असूनही 'हललो, हललो' असे संकेत सतत येत राहिले. सेकंदाला जास्तीत जास्त १२,८००. हे संकेत पुरते इंटरप्ट नव्हेत, त्यांची धाकटी भावंडं म्हणा. प्रत्येक संकेत प्रोसेसरचा सुमारे १२ मायक्रोसेकंद वेळ खायचा. गुणाकार करून पाहा, सेकंदातला जवळजवळ १५ टक्के वेळ ह्या फुकटच्या टकटकीत गेला.

यान वाचलं, कारण ह्या संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आधीच विचार करून ठेवला होता की कामं डोईजड झाली तर सगळं खाली ठेवायचं आणि अत्यावश्यक तेवढंच परत उचलायचं. ह्यूस्टनमध्ये चोवीस वर्षांच्या जॅक गारमननं तो आकडा ओळखला, सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्सनं 'पुढं चला' सांगितलं. माझ्या वर्गातून बाहेर पडून काही वर्षं झालेल्या पोरांच्या वयाचे!

मला मात्र वाचताना दुसऱ्याच एका गोष्टीनं चटका लावला. ह्याच संगणकाला झोपायची सोय होती. वीज वाचवण्यासाठी तो जवळपास पूर्ण बंद व्हायचा, फक्त आतलं घड्याळ चालू राहायचं आणि दर १.२८ सेकंदांनी ते त्याला उठवायचं. उठून तो अत्यावश्यक कामं करायचा, झोपेत बुडालेला वेळ घड्याळात मिळवायचा आणि परत झोपायचा. पण प्रत्यक्ष मोहिमांमध्ये ही सोय वापरलीच गेली नाही. संगणक सतत जागा ठेवला.

मला तरी ते पटलं. घरात एवढं जोखमीचं माणूस असताना कोण झोपतं?

निम्मं आत्ता, निम्मं मागाहून

आता भाच्याच्या धंद्याकडे येते. कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. लिनक्सचं कर्नल लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये सुरू केलं. कीबोर्ड, कॅमेरा, नेटवर्क अशा प्रत्येक उपकरणाशी बोलणारा दुभाषा त्यात असतो, तोच ड्रायव्हर. उपकरणाची हाक आली की ओ देणं त्याचं काम.

पहिला नियम, हाकेला ओ देताना गप्पा मारत बसायचं नाही. शिपाई दारात उभा असताना सहलीच्या वर्गणीचा हिशेब मांडायचा नसतो. सही करून त्याला मोकळं करायचं, हिशेब मधल्या सुट्टीत. ड्रायव्हरमध्येही असे दोन भाग असतात. वरचा अर्धा फक्त 'हो, ऐकलं' म्हणतो आणि खालचा अर्धा सवडीनं काम करतो. २००९ पासून तर हे सवडीचं काम स्वतंत्र धाग्यावर सोपवायची सोयच कर्नलनं दिली आहे.

दुसरा धडा उलट्या टोकाचा. हाका फारच वाढल्या तर? १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन ह्या दोघांनी दाखवून दिलं की नेटवर्कवरून संदेशांचा लोंढा आला की यंत्र नुसतं 'ओ, ओ' करत राहतं आणि एकही काम पुरं होत नाही. जिवंत आहे, धावतंय, पण हातून काही घडत नाही. ज्या घरात लग्न असतं त्या घरच्या यजमानीण बाईंना विचारा! ह्यावर उपाय काय काढला, तर हाका फार झाल्या की हाक मारणं बंद करायला सांगायचं आणि तेवढ्यापुरतं आपणच जाऊन 'काय आहे?' विचारायचं. म्हणजे पुन्हा पोलिंग! लिनक्सच्या नेटवर्कमध्ये ही पद्धत २००२च्या आसपास आली. गर्दी ओसरली की परत हाकेवर. मला ह्याचं फार बरं वाटलं. पहिल्या दोन महिन्यांत मी उठत होते ते अगदीच मूर्खपणाचं नव्हतं तर. तेव्हा ह्यांना खरोखरच सारखं काही ना काही लागत होतं.

आणि एक बारीकशी गोष्ट. एकाच हाकेच्या तारेवर अनेक उपकरणं असू शकतात. हाक आली की त्या तारेवरचे सगळे ड्रायव्हर 'माझं आहे का?' म्हणून बघतात. कुणीच 'माझं' म्हटलं नाही तर कर्नल ते मोजत राहतं. एक लाखातल्या ९९,९००हून जास्त हाकांना कुणी वाली निघाला नाही, तर ती तार बंद करून टाकतं आणि नोंद करतं, 'नोबडी केअर्ड'. कुणाला पर्वा नव्हती! भाचा हे हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. ओ न मिळालेल्या हाका लाखावर गेल्या की तारच तोडायची. हे घरांतूनही पाहिलंय मी.

झोपायचं कसं

आता झोपेचा इतिहास. लॅपटॉप आले, मग मोबाइल आले आणि वीज वाचवणं गरजेचं झालं. आधी सगळं यंत्र एकदम झोपवायच्या पद्धती आल्या. १९९२ मध्ये एक, १९९६ मध्ये दुसरी, जिला एसीपीआय म्हणतात. पण सगळ्या घरानं एकदम झोपायचं आणि एकदम उठायचं ह्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात कुणी नसेल तर तिथला दिवा आत्ता बंद करावा, घरातले सगळे झोपायची वाट का बघायची?

आधी अडचण होती ती घड्याळाची. लिनक्सचं घड्याळ प्रोसेसरला सेकंदाला ठरावीक वेळा टोचायचं. पूर्वी १०० वेळा, २००३च्या शेवटी आलेल्या २.६ आवृत्तीत १००० वेळा. काम असो वा नसो, 'ऊठ, काही आहे का बघ.' अगदी माझ्या गजरासारखं! एप्रिल २००७ मध्ये ही टोचणी काढता आली. काम नसेल तर पुढचं काम जेव्हा असेल तेव्हाचाच गजर लावायचा. पुढच्याच महिन्यात पॉवरटॉप नावाचं छोटं साधन आलं. कोण प्रोसेसरला किती वेळा उठवतंय ते ते दाखवायचं. तेव्हा कळलं की कितीतरी प्रोग्रॅम काहीही कारण नसताना सेकंदाला अनेकदा उठून बघत होते. सवय, दुसरं काय.

मग डिसेंबर २००९ मध्ये पोलंडच्या राफाएल व्हिसोत्स्की ह्यांनी घडवलेली रनटाइम पॉवर मॅनेजमेंटची चौकट कर्नलमध्ये आली. यंत्र चालू असतानाच एकेका उपकरणाला झोपवायचं. नियम साधे आहेत. ज्याला उपकरण हवं त्यानं 'मला हवंय' म्हणायचं, की आकडा एकानं वाढतो. काम झालं की 'झालं' म्हणायचं, की आकडा एकानं उतरतो. आकडा शून्यावर आला की उपकरण झोपायला मोकळं. लगेच झोपत नाही, थोडं थांबतं, कारण झोपण्या-उठण्यातही शक्ती जाते. आणि 'झालं' म्हणायला कुणी विसरलं, तर ते उपकरण जन्मभर जागं!

सगळ्यात आवडला तो पुढचा नियम. उपकरणांत आई आणि मुलं असं नातं असतं. एका तारेच्या मुळाशी बसलेलं ते आई, तिच्यातून वीज आणि निरोप घेणारी ती मुलं. सर्वसाधारण नियम असा, की सगळी मुलं झोपल्याशिवाय आई झोपत नाही आणि मूल उठायच्या आधी आई उठलेली असते. हे लिहिणाऱ्यानं कुणाच्या घरी पाहिलं असेल कोण जाणे.

पण खरी कसोटी लागते ती झोप आणि हाक एकत्र येतात तिथं. उपकरण झोपलंय आणि त्याच्याच तारेवरच्या शेजाऱ्याची हाक आली. ड्रायव्हर सवयीनं आपल्या झोपलेल्या उपकरणाला विचारायला जातो, 'तुझी का?' वीजच नसलेलं उपकरण पुष्कळदा सगळे एक-एकच उत्तर देतं, म्हणजे 'हो हो, माझी, सगळ्या माझ्याच!' ड्रायव्हर फसतो. म्हणून झोपवायचा क्रम ठरलेला आहे. आधी उपकरणाला सांगायचं, आता हाक मारू नको. मग आधीच कुणी ओ देत असेल तर त्याचं संपेपर्यंत थांबायचं. मग उपकरण जे विसरणार ते लिहून घ्यायचं. झोपेतूनही हाक मारता यायला हवी असेल तर तेवढा एक कोपरा जागा ठेवायचा. आणि मगच वीज काढायची. उठवताना सगळं उलट्या क्रमानं.

सगळ्यात धोक्याचा क्षण कुठला, ठाऊक आहे? डोळा लागतो तो. यंत्र झोपायला निघालंय आणि नेमकी तेव्हाच हाक आली. जागं असतं तर ऐकली असती, पूर्ण झोपलेलं असतं तर उठवलं असतं, मधल्या फटीत पडली तर? ह्यावर २०१० मध्ये सोपी तोड काढली. झोपण्याआधी, आतापर्यंत उठवणाऱ्या किती हाका आल्या तो आकडा वाचून ठेवायचा. अगदी निजताना तोच आकडा परत सांगायचा. मधल्या वेळात तो बदलला असेल तर कर्नल म्हणतं, झोपू नकोस, कुणीतरी बोलावलंय. दिसायला दोन ओळींची गोष्ट, पण पन्नासएक वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या त्या घाबरलेल्या माणसानं विचारलेलाच हा प्रश्न आहे: हाक *कधीही* आली तरी चालेल ना?

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला

भाच्यानं महिन्याभरानं परत येताना बिनतारी बेल आणली. बटण ह्यांच्या डाव्या हाताशी, बेल माझ्या खोलीत प्लगमध्ये. त्यानं तीन-चारदा दाबून दाखवलं, "बघ, वाजतेय." मी म्हटलं, "डायक्स्ट्रांनी काय सांगितलंय? दहा वेळा वाजली हे उत्तर नव्हे." पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

मग आम्ही दोघं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून बसलो. हाक कुठल्या वेळी बुडेल ते एकेक लिहिलं. वीज गेली तर? आमच्याकडे रात्री बेरात्री जातेच, आणि बेल प्लगवरची! आराखडा तिथंच फसला. बेल सेलवर चालणारी हवी. बटणातला सेल संपला तर? बटण खाली पडलं तर? ते दोरीनं मनगटाला बांधलं. मी मोरीत असले तर? दुसरी बेल स्वयंपाकघरात. ते डाव्या कुशीवर झोपले आणि हात अंगाखाली आला तर? ह्यावर आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी दोरी लांब केली आणि पाठीमागं तक्क्या लावायचा ठरवलं. सतरा ओळी झाल्या. सगळ्यांना उत्तर मिळालं असं नाही, पण कुठली उत्तरं नाहीत हे तरी कळलं. त्यांच्यासाठी पहाटे तीनचा एक गजर ठेवला.

आणि एक नियम ह्यांनीच घातला, बोलता येत नसताना. रात्री दिवा मालवण्याआधी ते एकदा बटण दाबतात. मी माझ्या खोलीतून "आले" म्हणते. ते पुन्हा दाबत नाहीत. म्हणजे हाक पोचली, ओ पोचली, आता झोपायला हरकत नाही.

पहिली आठ-दहा दिवस मी जागीच होते, बेल वाजायची वाट बघत. मग एका रात्री मला झोप लागली. खरी, गाढ. साडेचारला बेल वाजली तेव्हा मी कुठं आहे हेच क्षणभर कळेना. धडपडत गेले. काय झालं, दुखतंय का, पाणी हवंय का? ह्यांनी डाव्या हातानं वर बोट दाखवलं.

पंखा कमी करायचा होता.

मी पंखा कमी केला आणि तिथंच खुर्चीवर बसून मनसोक्त हसले. तेही हसले, अर्ध्या तोंडानं का होईना. मग मी परत जाऊन झोपले, ती सात वाजेपर्यंत.